आगळ, खारवण आणि बर्फाचा कारखाना: मिठाच्या पाण्यात टिकणारं साहित्य कसं निवडायचं

कोटेशनवर ‘एसएस टाकी, १००० लिटर, फूड ग्रेड’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली सही मागितलेली असते. टाकी कुठल्या ग्रेडची, वेल्डिंगची तार कुठली, तळाचा नळ कशाचा, झाकणाचे बोल्ट कशाचे, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. कोकणात मिठाच्या पाण्याशी रोजचा संबंध असलेले धंदे पुष्कळ आहेत. कुडाळ-सावंतवाडीकडे कोकमाचं आगळ, रत्नागिरी-देवगडकडे खारातली कैरी, मिरकरवाडा, हर्णै आणि मालवणला मासळी आणि तिला लागणारा बर्फ, पेण-उरण आणि शिरोड्याला मिठागरं. प्रत्येकाचा प्रश्न मात्र एकच: एकदा पैसे घातले की दहा वर्षं पुन्हा बघायला लागू नये, असं काय घ्यावं?

टाकीची चिंता लोक फार करतात. टाकी सहसा शेवटी जाते. आधी जातो तो नळ, मग झाकणाचा बोल्ट, पंपाचा शाफ्ट, पाइप धरणारी क्लॅम्प. म्हणून साहित्य निवडताना मोठ्या वस्तूकडून लहान वस्तूकडे जायचं आणि लहान वस्तूंवर जास्त वेळ घालवायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: आपलं पाणी नेमकं कसलं ते कागदावर लिहा

‘मिठाचं पाणी’ ही एक गोष्ट नव्हे. दुकानात जाण्याआधी सहा गोष्टी लिहून काढा: मीठ किती, आंबटपणा किती, तापमान किती, पाणी हलतं की साचून राहतं, हवा लागते की नाही, आणि तेल आहे का.

मिठाचं प्रमाण बॉमे हायड्रोमीटरने (पाण्यात तरंगवून त्याची घनता दाखवणाऱ्या नळीने) कळतं. मिठागरवाल्यांकडे तो असतोच. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. मीठ आणखी विरघळतच नाही अशा संपृक्त पाण्यात वजनाने साधारण २६ टक्के, आणि तिथे हायड्रोमीटर २५ अंशांच्या आसपास दाखवतो. धातूला त्रास देतं ते मिठातलं क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९ ग्रॅम असतं, संपृक्त पाण्यात जवळपास १९० ग्रॅम. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. साध्या तापमानाच्या पाण्यासाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लिटरला ०.२ ग्रॅम क्लोराइडपर्यंत आणि ३१६ ग्रेडचं १ ग्रॅमपर्यंत निर्धास्त वापरावं, असा कारखान्यांतला जुना हिशेब आहे. तुमच्या पिंपातलं पाणी त्या हद्दीच्या किती पलीकडे आहे ते बघा, म्हणजे ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ या वाक्याचं वजन कळेल.

गंमत अशी की साधं लोखंड जास्त मिठात जास्त गंजतं असंही नाही. गंजायला प्राणवायू लागतो आणि मीठ वाढलं की पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. त्यामुळे लोखंड सगळ्यात वेगाने गंजतं ते समुद्राएवढ्या खारट पाण्यात. संपृक्त, शांत, झाकलेल्या पाण्यात बुडालेला लोखंडी पत्रा त्यापेक्षा बराच तग धरतो. बर्फाच्या कारखान्यातल्या लोखंडी टाक्या वर्षानुवर्षं चालतात त्यामागे हे एक कारण आहे.

आंबटपणा मात्र सगळा हिशेब उलटवतो. कोकमाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) दोनच्या आसपास असतो. आगळात त्याच्या जोडीला भरपूर मीठ. स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो त्याच्या अंगावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. मीठ त्याला जागोजाग भोकं पाडतं, आणि आम्ल ती भोकं परत बुजू देत नाही. मासळी खारवायचं संपृक्त पाणी आणि आगळ यांत मला निवड करायला सांगितली तर मी मासळीचं पाणी सोपं म्हणेन. कैरीचा खार या दोहोंच्या मध्ये बसतो.

तापमानाचं सूत्र सोपं आहे: तापवायचं नसेल तर निम्मी काळजी कमी. मिठाच्या पाण्यात कोळंबी उकळणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा, ६० अंश सेल्सिअस. त्याच्या वर ३०४ आणि ३१६ या दोन्ही स्टीलना, ताण असलेल्या जागी, बारीक चिरा पडू लागतात. पत्रा वरून चकचकीत दिसतो आणि वेल्डच्या शेजारून झिरपायला लागतो.

पायरी २: गंज कुठे धरतो ते आधी बघून घ्या

पाण्याखाली बुडालेला भाग बहुतेक वेळा ठीक असतो. वाईट जागा तीन. पहिली, पाण्याची रेघ, म्हणजे जिथे पाणी वरखाली होतं आणि हवाही लागते. दुसरी, फट: गास्केटखाली, वॉशरखाली, चिकटलेल्या लेबलाखाली, न घासलेल्या चिकट थराखाली. तिथे पाणी अडकतं, आतला प्राणवायू संपतो, फटीतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि धातू आतून पोखरला जातो. तिसरी जागा कोकणाची खास, पागोळीच्या आतली. उघड्यावरच्या पाइपावरचं मीठ पावसाळ्यात धुऊन निघतं. पडवीत, पत्र्याच्या शेडखाली, वळचणीला असलेल्या पाइपावर खारं वारं लागतं पण पाऊस पोचत नाही. तिथली क्लॅम्प आधी तांबडी होते. नवीन शेड बांधताना हे लक्षात असू द्या.

आपल्या हवेचाही यात हात आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतः विरघळतं. किनाऱ्यावर ही पातळी कितीतरी दिवस ओलांडलेली असते. त्यात आपलं जाडं मीठ शुद्ध नसतं. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढायला लागतं. म्हणून एप्रिलमध्येही मिठाचं पोतं ठेवलेली फरशी ओली दिसते. ‘कोरडी जागा आहे, तिथे साधे बोल्ट चालतील’ असं कोणी म्हटलं तर त्या फरशीकडे बोट दाखवा.

पायरी ३: आधी विचारा, प्लॅस्टिक चालेल का

बहुतेक लहान उद्योगांना साठवणीसाठी धातूची गरजच नसते. तरी स्टीलची टाकी घेतली जाते, कारण ती बघणाऱ्याला बरी दिसते. साधारण तापमानाच्या मिठाच्या पाण्याने, आंबट असो वा नसो, एचडीपीईला (पॉलिएथिलीनच्या टणक प्लॅस्टिकला) काही होत नाही. चिनीमातीची बरणी आपल्या आज्या वापरत होत्या त्यात शहाणपण होतंच. दोनशे लिटरला मात्र बरणी पुरत नाही.

प्लॅस्टिक घेताना या गोष्टी तपासा.

पहिली, वजन. पाण्याच्या काळ्या टाक्या (आयएस १२७०१ या भारतीय मानकाच्या) गोड्या पाण्याच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. संपृक्त मिठाचं पाणी त्यापेक्षा २० टक्के जड. हजार लिटरच्या टाकीत हजार किलो धरून चाललात तर भरतात बाराशे किलो. त्यामुळे विक्रेत्याला ‘दीड घनतेची टाकी’ मागा, म्हणजे रसायनांसाठी असते तशी जाड भिंतीची. तीही मिळत नसेल तर साधी टाकी पूर्ण भरू नका. टाकीचा तळ सपाट काँक्रीटवर सगळीकडे टेकलेला हवा. जांभ्याच्या चार चिऱ्यांवर ठेवलेल्या टाकीचा तळ मधे झोळतो आणि नळाच्या जागी ताण येऊन तिथेच तडा जातो.

दुसरी, अन्नासाठी योग्य असल्याचा पुरावा. अन्नाशी संपर्कासाठीच्या पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६ हे मानक आहे. बिलावर त्याचा उल्लेख करून घ्या. रसायनांचे जुने निळे ड्रम धुऊन आगळाला वापरणं हा शुद्ध धोका आहे. प्लॅस्टिक आतल्या वस्तूचा वास आणि अंश शोषून घेतं, तो साबणाने जात नाही.

तिसरी, उष्णता. एचडीपीई आणि यूपीव्हीसी ६० अंशांपर्यंत, पॉलिप्रॉपिलीन ८०-९० पर्यंत, सीपीव्हीसी त्याहून थोडं वर. ही कमाल मर्यादा झाली. दाबाखाली असलेल्या पाइपाची ताकद गरम होताच घटायला लागते. शिवाय प्लॅस्टिकचा पाइप उन्हात लांबतो. दहा मीटर एचडीपीई पाइप पहाटेपासून दुपारपर्यंत पंचवीस अंशांनी तापला तर चार-पाच सेंटीमीटर वाढतो. दोन्ही टोकांना घट्ट आवळून ठेवलात तर तो एल्बो मोडतो, मग लोक पाइपाला दोष देतात.

एफआरपीची (काचेचे धागे राळेत बसवून केलेली) टाकी मासळी खारवायला चांगली, मोठ्या मापात स्वस्त पडते. पण आतला गुळगुळीत थर कुठेही खरवडला जाऊन काचेचे धागे उघडे पडले की पाणी धाग्याधाग्याने आत शिरतं. फावड्याने मीठ उपसणाऱ्या माणसांना लाकडी किंवा प्लॅस्टिकचं फावडं द्या. नवी टाकी उग्र वास देत असेल तर तिची राळ पूर्ण पिकलेली नाही, परत पाठवा.

आता प्लॅस्टिकच्या टाकीचा सापळा. सावंतवाडीकडच्या एका आगळ करणाऱ्यांकडे निळ्या एचडीपीई पिंपाला खाली पितळी नळ होता. बाहेरून नळाला काही झालेलं दिसत नव्हतं. पान्याने धरल्याबरोबर स्पिंडल चुरा होऊन हातात आला. तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग गेलेला, आणि उरलेलं तांबूस, बारीक छिद्रांचं, नखाने कुरतडता येईल असं. पितळेतलं जस्त मिठाने खाऊन टाकलं होतं आणि तांब्याचा सांगाडा राहिला होता. गेलेलं जस्त आणि थोडंफार तांबं कुठे गेलं, तर आगळात. म्हणून प्लॅस्टिकच्या टाकीला प्लॅस्टिकचाच व्हॉल्व्ह, पॉलिप्रॉपिलीनचा किंवा यूपीव्हीसीचा. हार्डवेअरवाला हटकून पितळी पुढे करतो, कारण तो दुकानात पडलेला असतो.

पायरी ४: धातू लागणारच असेल तर

उकळायचं, ढवळायचं, कापायचं, उचलायचं असेल तर धातू लागतो. तेव्हा आधी काय घ्यायचं नाही ते पक्कं करा.

अ‍ॅल्युमिनियम नको. मिठाने त्याला खड्डे पडतात आणि कोकमाने ते विरघळतं. तांबं-पितळ अन्नाला नको, वर सांगितलंच. जस्ताचा मुलामा दिलेलं, म्हणजे आपलं जीआय, आंबट वस्तूला कधीच नको. आणि ‘स्टेनलेस’ या नावाखाली मिळणारं २०१-२०२ जातीचं स्टील नको. त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. हंडा-कळशीला ठीक आहे, खाराच्या पाण्याला नाही.

राहिलेल्या स्टीलची शिडी अशी. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम, आणि मिठाशी झुंजतो तो हाच. नावापुढे ‘एल’ असेल तर कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, म्हणजे वेल्डच्या कडेला कमजोरी येत नाही. त्यापुढे ड्युप्लेक्स २२०५, त्यापुढे सुपर ड्युप्लेक्स, आणि टोकाला टायटॅनियम.

या शिडीवर कोण कुठे आहे ते मोजायला एक सोपं सूत्र आहे: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. बेरीज ३०४ ची १९ च्या आसपास येते, ३१६ ची २४-२५, २२०५ ची ३४-३५. समुद्राच्या पाण्यात कायम बुडून राहणाऱ्या, फटी असलेल्या वस्तूंसाठी अभियंते ४० मागतात, म्हणजे सुपर ड्युप्लेक्स. टाकीच्या कोटेशनमध्ये हा आकडा कोणी लिहीत नाही, पण मिल सर्टिफिकेटवरची (स्टील बनवणाऱ्या कारखान्याच्या दाखल्यावरची) टक्केवारी घेऊन तो तुम्ही मोबाइलवर काढू शकता.

मग लहान उद्योगाने काय घ्यावं? माझं मत असं. काम झालं की रोज रिकामं करून गोड्या पाण्याने धुतलं जातं असं भांडं, गाळणी, टेबल, ढवळणं यांना ३१६एल पुरतं. तेच ३१६एल आगळ सहा महिने साठवायला घेऊ नका. पाण्याची रेघ आणि नळाचा जोड इथे खड्डे पडतील. महाग टाकी घेऊन चुकीच्या कामाला लावण्यापेक्षा ३१६एलची छोटी ढवळायची टाकी आणि साठवणीला एचडीपीईचे पिंप, हे दोन्ही मिळून कमी पैशात होतं. मिठाच्या पाण्यात रोज उकळायचं असेल तर भांडं २२०५ चं विचारा. त्याला चिरा पडण्याचा त्रास खूप कमी आहे आणि पत्रा पातळ घेता येतो, त्यामुळे किमतीतला फरक वाटतो तेवढा राहत नाही. टायटॅनियम मोठ्या कारखान्यांतल्या गरम मिठाच्या पाण्याच्या उष्णताविनिमयकांसाठी असतं. घरगुती उद्योगाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

ग्रेड खरा आहे का ते कसं बघायचं? “साहेब, लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल,” असं फॅब्रिकेटर सांगतो. या परीक्षेचा उपयोग जवळजवळ शून्य. २०२, ३०४, ३१६ तिन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे त्यातलं कुठलं दिलं ते चुंबक सांगू शकत नाही. उलट वाकवलेल्या जागी ३०४ किंचित ओढतं, आणि या तिन्हींपेक्षा चांगलं २२०५ तर खणकन चिकटतं. खरी परीक्षा दोन. एक, मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबाचं किट. पत्र्यावर थेंब टाकायचा, बॅटरी लावायची, रंग बदलला तर मॉलिब्डेनम आहे. ३०४ आणि ३१६ मधला फरक यातून दोन मिनिटांत कळतो. दोन, पिस्तुलासारखं दिसणारं एक्स-रे यंत्र घेऊन येणारा तपासनीस. मोठ्या ऑर्डरला त्याची फी वसूल होते. आणि मिल सर्टिफिकेट मागताना त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या ओतीचा क्रमांक) पत्र्यावरच्या शिक्क्याशी जुळवून बघा. सर्टिफिकेटची झेरॉक्स कोणीही देतं.

पायरी ५: बोल्ट, गास्केट, पंप

दुर्लक्ष इथेच होतं, म्हणून थोडं सावकाश.

स्टेनलेस बोल्टच्या डोक्यावर रोमन अक्षरात ‘ए २’ किंवा ‘ए ४’ कोरलेलं असतं. ए२ म्हणजे ३०४ जातीचा, ए४ म्हणजे ३१६ जातीचा. डोक्यावर काहीच नसेल तर तो २०२ समजून चालावं. ३१६ च्या टाकीला साधा लोखंडी बोल्ट लावणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभं करणं: मोठा स्टेनलेस पृष्ठभाग आणि लहान लोखंड मिठाच्या पाण्यात एकमेकांना चिकटले की लोखंडाच्या वाट्याचा गंज कितीतरी पट वाढतो. दोन धातू एकत्र आणावेच लागले तर लहान वस्तू जास्त टिकाऊ धातूची आणि मोठी कमी टिकाऊ अशी रचना हवी. रंग लावायचा तर दोन्हींना लावा. फक्त लोखंडाला रंगवलं तर रंगाला जिथे एक ओरखडा पडेल तिथे सगळा मार एकवटतो. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर आवळताना अडकून बसतो, म्हणून थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा. अन्नाच्या जवळ असेल तर फूड ग्रेड.

गास्केट निवडताना मिठापेक्षा तेलाचा विचार करा. मिठाच्या आणि आंबट पाण्याला ईपीडीएम रबर उत्तम. पण लोणच्याचं तेल किंवा बांगडा-तारलीचं तेल लागलं की ईपीडीएम फुगतं आणि लिबलिबीत होतं. तिथे नायट्राइल रबर घ्या. आगळाला ईपीडीएम, मासळीला नायट्राइल, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

पंप घेताना फक्त बॉडी बघू नका. ‘एसएस पंप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंपाची बॉडी बऱ्याचदा ३०४ ची आणि शाफ्ट साध्या ४१० चा (मिठात लवकर गंजणाऱ्या स्टेनलेसचा) असतो. बिलावर तीन ओळी लिहून घ्या: बॉडी, इम्पेलर (आतलं फिरतं पातं), शाफ्ट. ओतीव भागावर सीएफ८एम लिहिलेलं असेल तर ते ३१६ च्या बरोबरीचं, नुसतं सीएफ८ म्हणजे ३०४ च्या बरोबरीचं. मला विचाराल तर थंड मिठाच्या पाण्याला पॉलिप्रॉपिलीनचा मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप. त्यात शाफ्ट बाहेर येतच नाही, म्हणून सील गळण्याचा प्रश्न नाही. मात्र तो कोरडा फिरवला की संपला. मेकॅनिकल सीलचा पंप असेल तर बंद करताना दोन मिनिटं गोडं पाणी फिरवा. सीलच्या दोन तबकड्यांमध्ये वाळलेले मिठाचे कण दुसऱ्या दिवशी पंप सुरू होताच तबकड्यांवर ओरखडे काढतात.

पायरी ६: वेल्डिंगवर उभे राहा

चांगल्या पत्र्याची वाईट टाकी वेल्डिंगच्या खोपटात होते. ३१६एल पत्र्याला ३१६एलचीच तार, २२०५ ला २२०९ ची. जागच्या फॅब्रिकेटरकडे साध्या लोखंडाचं आणि स्टेनलेसचं काम एकाच ठिकाणी चालतं. लोखंडावर फिरवलेली ग्राइंडिंगची चकती स्टेनलेसवर फिरली की लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. नवी चकती आणि स्टेनलेसचा ब्रश आपण घेऊन जावं. किरकोळ खर्च आहे.

वेल्डच्या दोन्ही बाजूंना जो निळा-सोनेरी पट्टा उमटतो तो दिसायला छान, पण त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. तो पिकलिंग पेस्टने पूर्ण घालवायचा आणि मग धुवायचा. पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. अंगाला लागलं तर हाडापर्यंत जातं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. टाकीत आतून वेल्ड पूर्ण भरलेला हवा. बाहेरून वेल्ड आणि आतून फट, अशी टाकी नाकारा.

पायरी ७: सिमेंटची टाकी आणि बर्फाचा कारखाना

सिमेंटच्या टाकीत मीठ काँक्रीटला फार काही करत नाही, आतल्या सळईला करतं. सळई गंजली की गंज तिच्यापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. आयएस ४५६ समुद्राच्या पाण्याशी संपर्कात येणाऱ्या आरसीसीसाठी किमान एम३० दर्जाचं काँक्रीट मागतं, आणि कठीण परिस्थितीत सळईवर ४५ मिलिमीटर किंवा जास्त आवरण. मुकादमाला फूटपट्टी घेऊन दाखवा, तोंडी सांगून होत नाही. खाडीची वाळू वापरू नका. ती धुतलेली आहे असं सांगतात तेव्हाही तिच्यात मीठ असतं, म्हणजे टाकी पाणी भरायच्या आधीच आतून खारट झालेली. अन्नासाठी असेल तर आतून फूड ग्रेड इपॉक्सी, किंवा सरळ एचडीपीईचा पडदा टाका.

बर्फाच्या कारखान्यात हिशेब वेगळा आहे. तिथे मिठाचं पाणी अन्नाला लागत नाही, उणे आठ-दहा अंशांवर असतं, झाकलेलं असतं, म्हणून लोखंडी टाकी आणि जस्ताचा मुलामा दिलेले बर्फाचे डबे चालतात. पाण्याचा पीएच साडेसात ते साडेआठ दरम्यान ठेवा. खाली गेला तर लोखंड खातो, फार वर गेला तर डब्यांचं जस्त. पीएच आपोआप चढत असेल तर अमोनियाची (पाणी थंड करणाऱ्या वायूची) कॉइल गळत असण्याची शक्यता आधी तपासा. या कारखान्यात अमोनियाच्या बाजूला पितळ-तांब्याचा एकही तुकडा नको. पूर्वी गंज थांबवायला डायक्रोमेट टाकत असत. ते विषारी आहे, आता त्या वाटेला जाऊ नये. डबे मरतात ते त्यांच्या वरच्या काठापाशी, जिथे ते हवेत येतात आणि परत बुडतात.

पायरी ८: आपल्याच पाण्यात चाचणी घ्या

मोठा खर्च करायच्या आधी फॅब्रिकेटरकडून ३०४, ३१६ आणि जे घ्यायचा विचार आहे त्याचे हातभर लांबीचे तुकडे मागून आणा. प्रत्येकाला घट्ट रबरबँड गुंडाळा, ती तुमची ‘फट’. नायलॉनच्या दोरीने पिंपात असे टांगा की निम्मा भाग पाण्याखाली आणि निम्मा वर. तीन महिन्यांनी काढा. रबरबँड सोडून त्याखाली बघा, पाण्याच्या रेघेवर भिंगाने बघा. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला तरी ते स्टील तुमच्या पाण्याला नाही.

साधं लोखंड किंवा मुलामा तपासायचा असेल तर वजन करा. वर्षाला किती मिलिमीटर झिजतं ते असं निघतं: घटलेलं वजन मिलिग्रॅममध्ये, गुणिले ८७.६, भागिले घनता, क्षेत्रफळ (चौरस सेंटीमीटर) आणि तास यांचा गुणाकार. समजा लोखंडाचा १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा ९० दिवसांत, म्हणजे २१६० तासांत, २ ग्रॅमने घटला. घनता ७.८५ धरून उत्तर येतं वर्षाला ०.१ मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या पत्र्याला हे चालण्यासारखं आहे. पण हे सूत्र सरसकट झीज सांगतं, स्टेनलेसमधल्या खड्ड्याबद्दल त्याला काही कळत नाही. तिथे भिंगच खरं.

पायरी ९: ऑर्डर आणि देखभाल

ऑर्डरवर ग्रेड, वेल्डची तार, पिकलिंग, बोल्टचा शिक्का, गास्केटचं रबर, व्हॉल्व्हचं साहित्य या सहा गोष्टी लेखी घ्या. तोंडी बोलणं डिलिव्हरीच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

धुताना ब्लीच वापरलंत तर पंधरा-वीस मिनिटांत गोड्या पाण्याने काढून टाका. ते स्टेनलेसवर रात्रभर राहिलं तर मिठाइतकंच घातक. आणि आगळ असलेल्या भांड्यात ब्लीच कधीच टाकू नका, आंबटाशी मिळून क्लोरीन वायू सुटतो. धुवायचं पाणी कुठलं तेही बघा. समुद्रालगतच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्याने धुणं म्हणजे परत मीठ लावणंच.

मासळीवाल्यांना आणि बर्फवाल्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीचा काळ देखभालीला मिळतो. त्यात टाकी रिकामी करून, गास्केट सोडून, त्याखाली भिंग लावून बघायचं. आगळवाल्यांची घाई कोकमाच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये असते, त्यामुळे त्यांनी हे काम मार्चमध्येच उरकावं. ए४ बोल्टांची एक पिशवी, दोन गास्केट आणि एक जास्तीचा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह त्याच वेळी आणून ठेवा. गणपतीच्या आठवड्यात नळ गळायला लागला तर कोल्हापूरला पाठवायला माणूस मिळत नाही.